खरंच एकाशन आहे ना?

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला गेले होते. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला बर्मिंगहॅमजवळ डडलीला नेलं, ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम बघायला. जुनी घरं, दुकानं, ट्राम, कालवा, असं अख्खं गावच तिथे उभं केलंय. त्या दिवशी तिथे 1940चं दशक होतं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा काळ. बायका त्या काळचे फ्रॉक घालून, केसांची वळणं काढून आलेल्या. पुरुष खाकीत. बँड वाजत होता, म्हातारी जोडपी नाचत होती.

मला सगळ्यात आवडलं ते रेशनचं. तिकडे 1940 ते 1954 रेशन होतं, युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं! लोणी माणशी आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम. पण शाकाहारी माणसाने मांसाचं कूपन सोडलं की त्याला चीज जास्त मिळायचं. मी लेकीला म्हटलं, "बघ, आपलं तिथेही भागलं असतं."

हैदराबादला परत आल्यावर काचीगुड्याच्या घरी सासूबाईंना फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी नव्वदी ओलांडलीय, पण नजर तल्लख. स्पिटफायर विमानाचं चित्र आलं तेव्हा मी ऐट मिरवली, "आई, इंग्लंड वाचवायला लढलेल्या विमानांच्या एका तुकडीला आपल्या हैदराबादचं नाव होतं. 152 नंबरची तुकडी. निजामाने पैसा दिला होता म्हणून."

"दिला असेल," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून लेव्हीची ज्वारीही नेली होती."

त्यांचं माहेर जिंतूरचं. तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्याच राज्यात. नाचणाऱ्या जोडप्यांच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "हे लढाईचं आठवून हसतायत?"

"त्यांनी सोसलंय आई, बाँब पडलेत. आता सगळे एकत्र येतात, इतकंच."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी आठ-नऊ वर्षांची असेन. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. आपलं दिवस बुडायच्या आत जेवण, त्यामुळे दिव्याचं अडलं नाही. पण माझ्या आईचं त्या वर्षी रोज एकाशन असायचं. चातुर्मास संपला तरी एकाशन. आम्हाला वाटायचं, आई किती धर्माची! बायका तिच्या पाया पडायच्या. माझं लग्न झालं, मला मूल झालं, तेव्हा कळलं. संध्याकाळची तिची भाकरी आम्ही चौघं खात होतो."

मी फोन खाली ठेवला. त्याच 1943 साली बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिथल्या बायकांना एकाशनाचं नाव द्यायलाही घरात काही नसेल. आपल्या धर्मात ऊनोदर हेही तप आहे, भुकेपेक्षा चार घास कमी खाणं. पण ते तप कधी होतं? समोर पोटभर असतं आणि आपण हात आखडता घेतो, तेव्हा. जिंतूरच्या त्या माउलीने तप केलं की उपास काढला, मला ठरवता येत नाही. पाया पडणाऱ्या बायकांपैकी कितीजणींच्या घरी तसंच चाललं असेल, कोण जाणे.

इंग्लंडमध्ये त्या रेशनची वही काचेखाली जपून ठेवलीय. जिंतूरच्या त्या घरी वहीच नव्हती, काय ठेवणार?

एक मात्र उलगडलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा दशलक्षण पर्वात मी एकाशन धरलं, तर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, पातेल्यांची झाकणं उचलून आत पाहिलं, आणि मगच विचारलं, "खरंच एकाशन आहे ना गं?" मला राग आला होता. माझ्या धर्मावर विश्वास नाही की काय!

यंदाही त्यांनी विचारलं. काठी टेकत आल्या, झाकण उचललं.

"खरंच आहे, आई," मी म्हटलं. "बघा, भात उरलाय."