तोंडी चालत नाही

बरीच वर्षं मी शहापूर-मुरबाडच्या मुलखात सरकारी कारकुनी केली. अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई कायमची. कोण इथला आणि कोण उपरा, ते कागद ठरवतो, यावर माझा पक्का विश्वास होता.

कातकऱ्यांबद्दल तर मत आधीच तयार. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणारी, पावसाच्या तोंडावर परतणारी माणसं. यांना कसलं आलंय गाव? खैराचा कात काढणारे म्हणून ते कातकरी. या जंगलाशी त्यांचं नातं माझ्या घराण्याच्या नात्याहून जुनं असणार, एवढंही मला कळलं नाही. खरं तर कळून घ्यायचंच नव्हतं.

एकदा एक कातकरी बाई मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आली. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा लागतो. ती म्हणाली, "साहेब, माझा आजा ह्याच वाडीत मेला." मी म्हणालो, "तोंडी चालत नाही. कागद आण." वाडीवर जाऊन चौकशी करता आली असती. वाट चढणीची होती. अर्ज परत केला.

पुढे 2013 साली आसनगावहून लोकलने माझ्या मुलीला राणीची बाग दाखवायला नेलं. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी बाजूवर कोळ्याचं भलंमोठं जाळं होतं, शेकडो रबरी शिक्क्यांचं. रीना सैनी कलाट यांचं काम. कला म्हणजे चित्र नाहीतर मूर्ती. असल्या मांडणीला मी पैशाची नासाडी म्हणत आलो होतो. तेव्हाही म्हणालो, मुलीसमोर, मोठ्याने.

मग कळलं, शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची इंग्रजांच्या काळातली नावं आहेत, पुढे बदलली गेलेली. मी थांबलो. पेडर रोडचा गोपाळराव देशमुख मार्ग कधीच झाला, तरी टॅक्सीवाल्याला आपण पेडर रोडच सांगतो, आणि तो बरोबर नेऊन सोडतो. सरकारी कागद एक सांगतो, माणसं दुसरंच बोलतात, आणि एवढं शहर त्या तोंडी नावांवर चालतं. तिथे तोंडी चालतं. माझ्या टेबलावर मात्र एका बाईचा आजा चालला नव्हता. मुलगी हात ओढत होती, मला पाय उचलवेना. ते जाळं मी ओळखत होतो. त्यातले काही धागे मी स्वतः विणले होते, रोज, पगार घेऊन.

आळशी होतो, आणि आळसाला नियम म्हणत होतो.

नंतर त्या वाडीवर गेलो. झोपड्यांना कुडाची दारं लावलेली, माणसं भट्टीवर. ती बाई पुन्हा भेटली नाही. पुढचे अर्ज आले, तेव्हा मात्र चढण चढलो, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले.

तुमच्या टेबलावर असा अर्ज आला, तर परत करण्याआधी एकदा वाडीवर जाऊन या.