तात्यांच्या सायकलचं वंगण

आमच्या घरात सायकल एकच. काळी, उंच, मागं लोखंडी कॅरेज असलेली. बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्ण्याच्या अलीकडं, नीरा डाव्या कालव्याखाली आमची वस्ती. तात्या साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते. पाळी पहाटे 4 ची असली की रात्री 3 ला घर सोडायचे. उशीर झाला की हजेरी बदलीवाल्याला जायची, आणि हंगामात सारखे खाडे पडले तर पुढच्या साली कुणी बोलवील याचा भरवसा नसायचा.

1987 साल. मी नववीत होतो. शेताच्या पाटातनं सायकल घालून घालून मागचं चाक कुरकुरायला लागलं होतं. आजी म्हणायची, "गाडी कुरकुरली की बैल दमतो." बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना मी तिला कैकदा पाहिलं होतं. म्हटलं, तात्यांचं चाक आपणच करू.

रविवारी चाक खोललं. हबच्या दोन्ही बाजूंचे दोन सुती छर्रे, नऊ नऊ, रॉकेलमध्ये धुतले. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडनं डालड्याच्या डब्यात पिवळं ग्रीस आणलं होतं. ते वाट्यांमध्ये भरलं, छर्रे बसवले, कोन आवळले. चाक कसं लोण्यावाणी फिरायला लागलं! उरलेल्या ग्रीसचं काय करायचं? चुलीवर पातळ केलं आणि फ्रीव्हीलच्या फटीतनं आत ओतलं. म्हटलं, एकदाच घालू, वर्षभर बघायला नको.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या रात्री थंडी पडली. तात्या नेहमीसारखे निघाले आणि उजाडता उजाडता सायकल ढकलत परत आले. कालव्याच्या पुलापाशी पायडल मोकळंच फिरायला लागलं होतं. चेन फिरायची, चाक जागेवर. तिथनं पुढं ते पायी गेले. पोचले तोवर त्यांच्या जागेवर दुसरा उभा होता.

आई चुलीपुढं गप्प बसली. मी बाहेर अंगणात. तात्या एवढंच म्हणाले, "चाक लई गुळगुळीत केलंस रं, पण वडत न्हाई."

मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुपारी ते मला घेऊन एसटीनं बारामतीला गेले. चाक माझ्या मांडीवर. मिस्त्रीनं फ्रीव्हील फिरवून पाहिलं आणि हसला. "कुत्रे झोपलेत ह्याचे." आतल्या दोन लहान खिट्ट्यांना कुत्रे म्हणतात, हे तेव्हा कळलं. बारीक स्प्रिंग त्यांना उचलून दात्यात अडकवते, तेव्हा कुठं पायडलचा जोर चाकाला मिळतो. माझं ग्रीस थंडीनं गोठलं आणि कुत्रे आत चिकटून बसले. मिस्त्रीनं फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवून झटकलं, असं तीनदा केलं आणि मशीन ऑइलचे चार थेंब सोडले. कट् कट् कट् आवाज सुरू झाला.

"हबला ग्रीस, कुत्र्याला तेल. हबमध्ये छर्ऱ्यावर माणसाचा भार असतो, तिथं वंगण टिकून राहायला पायजे. कुत्र्याला उठायबसायला मोकळीक लागती."

मग त्यानं माझ्या तळहातावर डब्यातलं थोडं ग्रीस ठेवलं, वर पाण्याचे दोन थेंब टाकले. "चोळ." चोळलं तर दुधासारखं पांढरं होऊन ओघळलं. दुसऱ्या डब्यातलं चोळलं, ते पाण्याला दाद देईना. "तुमी पाटातनं जाणारी माणसं. तुमाला हे दुसरं." पहिलं सोडा ग्रीस, पाण्यात विरघळणारं. दुसरं लिथियमचं. ही नावं मला फार पुढं कळली. परीक्षा मात्र तळहातावरच शिकलो.

कोनही मी जास्त आवळले होते. त्यानं थोडे सैल केले. चाक अधांतरी धरून सोडलं, तर जड बाजू आपल्या आपण सावकाश खाली आली. "आता बरोबर."

पैसे तात्यांनी दिले. बुडालेल्या हजेरीबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. पण पुढच्या रविवारी तात्यांनी सायकल माझ्यापुढं उलटी केली आणि म्हणाले, "आता तूच बघत जा."

हंगाम संपेपर्यंत मी दर आठवड्याला चार थेंब तेल सोडत राहिलो. पहाटे 3 ला मला जाग यायची. तात्या सायकल हातानं धरून अंगणातनं बाहेर काढायचे. कुत्र्यांची कटकट कालव्याच्या दिशेनं जात जात विरायची, आणि मगच मला परत झोप लागायची.