दोरी आणि कान

पुढारीपण हें शिकवून येणारें नव्हे, तें अंगांतच असावें लागतें, असें आम्ही पुष्कळ वर्षें मानीत होतों. हाताखालच्या माणसांना कामास लावणें, ठरल्या दिवशीं माल बाहेर पाठविणें आणि वरिष्ठांपुढें आंकडे स्वच्छ ठेवणें, एवढें साधलें कीं पुढारीपण साधलें, अशी आमची समजूत होती. ती परदेशीं मोडली. आणि जिनें मोडली ती वस्तु अगदींच साधी, म्हणजे एक दोरी होती.

१९९४ सालीं पुण्याजवळच्या एका कारखान्यांत आम्ही खातेप्रमुख असतांना आम्हांस जपानांत अभ्यासाला जाण्याची संधि मिळाली. निरनिराळ्या देशांतील कारखानदारीच्या माणसांना बोलावून शिक्षण देणारी 'ए. ओ. टी. एस.' ही संस्था तेथें १९५९ सालीं स्थापन झाली. तिच्या टोकियो येथील वसतिगृहांत थायलंड, फिलिपाइन्स, इजिप्त, ब्राझील अशा देशांचे लोक आमच्याबरोबर राहत होते. दिवसां व्याख्यानें व कारखान्यांच्या भेटी होत, आणि रात्रीं जेवतांना प्रत्येकजण आपल्याकडील रीत सांगे. वरिष्ठाला वाईट बातमी सांगण्याची भीति मात्र सर्व देशांत सारखीच, असें आम्हांस आढळून आलें.

एके दिवशीं आम्हांस टोयोटा कंपनीचा मोटारींचा कारखाना दाखविण्यांत आला. अर्धवट जुळलेल्या मोटारी सावकाश पुढें सरकत होत्या आणि कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी लांबवर गेली होती. एका पोरसवदा कामगारानें ती ओढली. लगेच दिवा लागला, एक धून वाजूं लागली आणि त्याचा नायक धांवत आला. ठरलेल्या अवधींत दोष दूर झाला नाहीं, तर सारी रांग थांबते. या पद्धतीचें मूळ साकिची टोयोडा यांच्या मागांत आहे. १९२४ सालीं त्यांनीं सिद्ध केलेला स्वयंचलित माग एक धागा तुटला तरी आपोआप थांबे. सदोष कापड विणीत राहण्यापेक्षां माग थांबलेला बरा, हें त्यांतील तत्त्व. त्या पोराला कोणी रागें भरलें नाहीं. उलट नायकानें त्याचे आभार मानले, असें दुभाष्यानें सांगितलें.

तें ऐकतांच आम्हांस आमचे मिस्त्री आठवले. आम्ही निघण्याच्या कांहीं महिने आधीं या वृद्ध मिस्त्रींनीं पंपाचा एक ओतीव भाग आमच्या टेबलावर आणून ठेवला होता. 'साहेब, यांत बारीक चीर दिसते. सगळाच माल एकदां तपासावा,' असें ते म्हणाले. माल त्याच दिवशीं जावयाचा होता. 'मिस्त्री, तुम्ही आपलें काम पाहा,' असें आम्हीं त्यांना ऐकविलें. माल गेला, आणि तिसऱ्या महिन्यांत परत आला. तें नुकसान कारखान्यानें सोसलें. परंतु मिस्त्री पुन्हां आमच्या टेबलाशीं आले नाहींत. हें नुकसान कोणत्याच हिशेबांत धरलें गेलें नाहीं.

त्याच आठवड्यांत जबाबदारीवरील व्याख्यानाच्या वेळीं फिलिपाइन्सच्या एका बाईंनीं विचारलें, 'दोष कारखान्याच्या भिंतीबाहेर जात असेल, तर दोरी कोणीं ओढावयाची?' व्याख्याते क्षणभर थांबले आणि त्यांनीं मिनामाता गांवची हकीकत सांगितली. तेथील चिस्सो कंपनीच्या रसायनांच्या कारखान्यांतील पारायुक्त सांडपाणी समुद्रांत जात असे. तेथले मासे खाणाऱ्या कोळ्यांचे हातपाय थरथरूं लागले, दृष्टि व वाचा गेली, कित्येक मेले. १९५६ च्या मे महिन्यांत या अनोळखी रोगाची वर्दी सरकारी आरोग्यखात्याला गेली ती कंपनीच्याच रुग्णालयांतून. तेथील प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनीं १९५९ सालीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांतून मांजरांना घालून पाहिलें. ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच रोग जडला. त्यांनीं तें वरिष्ठांच्या कानांवर घातलें, आणि वरिष्ठांनीं तें दडपलें. ज्या प्रक्रियेंतून तें विष निघत होतें ती १९६८ पर्यंत चालूच राहिली. अखेर १९७० सालीं डॉक्टरांनीं रुग्णशय्येवरून साक्ष दिली, आणि १९७३ सालीं न्यायालयानें कंपनीला जबाबदार धरलें.

या दोन्ही गोष्टी एकाच देशांतल्या. तेव्हां सद्गुण कोणत्याही देशाच्या मातींत उगवत नाहीं, हें उघड आहे. मिनामाता येथेंही दोरी होती, आणि एका प्रामाणिक माणसानें ती ओढलीही. दुसऱ्या टोंकाला कान नव्हता. आपल्याकडे भोपाळच्या कारखान्यांतील धोक्याविषयीं राजकुमार केसवानी या पत्रकारानें १९८२ पासून लिहिलें होतें. १९८४ च्या डिसेंबरांत तेथील विषारी वायूनें हजारों माणसांचे बळी घेतले. आमची चीर पंपाची होती म्हणून माल परत येण्यावर भागलें, एवढाच काय तो फरक.

परत आल्यावर आम्हीं मिस्त्रींची क्षमा मागितली. 'जाऊं द्या, साहेब,' एवढेंच ते संकोचून म्हणाले. नुसत्या शब्दांवर त्यांनीं विश्वास ठेवावा तरी कसा? पुढें दोन महिन्यांनीं, माल जावयाच्या दिवशींच, ते एक भाग हातांत घेऊन आले. आम्हीं माल थांबविला. सगळा तपासला, एकाही भागांत चीर सांपडली नाहीं. माल दोन दिवस उशिरां गेला आणि आम्हांस वरिष्ठांचे बोल खावे लागले. मिस्त्री ओशाळून उभे होते. आम्हीं त्यांचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले.

पुढच्याच आठवड्यांत ते पुन्हां आले.