मोटारीतली दहा माणसं

वीज जाणं कोकणाला नवं नाही. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला ती जाते आणि घरातलं कुणीतरी पंख्याकडे बघत "गेली" एवढंच म्हणतं. त्यात तक्रारही नसते, कारण ती परत येणार हे धरूनच चाललेलं असतं. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, त्याआधी सकाळी वीज गेली तेव्हाही आमच्याकडे कुणीतरी असंच म्हणालं. संध्याकाळी वारा पडल्यावर दार ढकलून बाहेर आलो, तर विजेचे खांब तारांसकट रस्त्यात आडवे आणि त्यांच्यावर आडवे माड. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन या किनारपट्टीतलं आमचं गाव. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, मध्येच १२० चे झोत, हे आकडे पुढे कधीतरी वर्तमानपत्रात वाचले. त्या दिवशी वर्तमानपत्र नव्हतं, टीव्ही नव्हता, मोबाईलचा मनोराही मुका झाला होता. टाळेबंदीमुळे आम्ही मुंबईकर मे महिन्यातच गावी आलो होतो, त्यामुळे घरात भरती होती: आजी, अण्णा, आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. माजघरावरची कौलं तेवढी शाबूत राहिली. सात माणसं, चार पेट्या, देव आणि तांदळाचे डबे, सगळ्यांनी त्याच एका खोलीत जागा करून घेतली.

पर्यटकांना उतरायला दोन खोल्या काढल्यापासून आमच्या घरात जुन्या वस्तूंना मोठा मान आला होता. तांब्याचा बंब चिंचेनं घासून ओटीवर ठेवलेला, त्यात कागदाची फुलं. दारात कंदील, पण आत विजेचा बल्ब. पाटा न्हाणीघराबाहेर पायरी म्हणून रुजू झालेला आणि वरवंटा दार अडवायला. विहिरीवरचा रहाट रंगवून घेतला होता, कारण पाहुण्यांना त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे असत. ही सगळी मंडळी वादळानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत कामावर परत आली. कंदिलाच्या टाकीला बल्बच्या वायरीसाठी भोक पाडलेलं होतं, ते आजीनं ओला साबण चोपडून बुजवलं. वात नव्हती, तिनं सुती लुगड्याची पट्टी तिहेरी दुमडून बसवली. रेशनवरचं रॉकेल बंद होऊन काळ लोटला होता. पुढे सरकारनं वादळग्रस्तांना ते मोफत दिलं, पण तोवर शेजारच्या काकांनी ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या डिझेलवर दिवे जळले आणि घरभर काजळी धरली.

फ्रिजची गोष्ट उलटी झाली. त्यातला आंब्याचा रस पहिल्या दोन दिवसांत आंबला, तो टाकून दिला, आणि मग आईच्या लक्षात आलं की गळक्या घरात हवाबंद दाराचं, खात्रीनं कोरडं असं हे एकच कपाट आहे. काड्यापेट्या, पीठ, साखर, मुलांची पुस्तकं आणि सातबाऱ्याचे कागद फ्रिजमध्ये गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणातलं प्रत्येक घर आगोटीच्या बेगमीनं भरलेलं असतं. आमचेही सुके बोंबील, सोडे, पापड, अमसुलं, पडवीतला लाकूडफाटा, सगळं तयार होतं. नेमकं त्याच आठवड्यात छप्पर गेलं. अमसुलं चुलीवर दोरी बांधून पुन्हा सुकवली. बोंबलांना वास सुटला, ते माडाच्या मुळाशी पुरले. जळणाला तोटा नव्हता, सगळी वाडी जळण होऊन पडली होती, पण ते ओलं. आजी रात्री सोडणांचे निखारे राखेखाली झाकून ठेवी आणि पहाटे फुंकणीनं जागे करी. सकाळी काडी ओढायची वेळ तिनं कधी येऊ दिली नाही.

हे सगळं निभावलं. निभावलं नाही ते पाणी.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हिशेब मांडायची खोड आहे. गावच्या पाणीपुरवठ्यासाठी जलजीवन मिशननं माणशी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलं आहे. सात माणसांचे झाले ३८५. आमचा पोहरा आठ-नऊ लिटरचा. म्हणजे पंचेचाळीस वेळा दोर सोडायचा आणि पंचेचाळीस वेळा ओढायचा; मग ते पाणी स्वयंपाकघरात, न्हाणीत, गडग्याच्या पलीकडच्या संडासात वाहून न्यायचं. भिजलेला दोर स्वतःच जड होतो, आणि तळहातावर त्याचा पहिला वळ उठला की पुढचा प्रत्येक पोहरा त्याच वळावरून वर येतो. विहीर उथळ, समुद्राकाठच्या वाळूतली, पण जूनच्या सुरुवातीला तिनंही तळ गाठलेला. गढूळ पाणी फडक्यातून गाळायचं, उकळायचं, निवायला ठेवायचं. दुपार होईपर्यंत घरातल्या बायकांचे खांदे भरून येत, आणि कपडे तर अजून धुवायचेच असत.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. धडधाकट माणूस दिवसभर सलग राबला तर त्याच्याकडून ७५ वॅटच्या आसपास काम होतं. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोक्यात बसलेली आमची एक अश्वशक्तीची मोटार म्हणजे दहा माणसं होती. न जेवणारी, न बोलणारी, रोज बटणासरशी उठणारी. वर्गात हे गणित मी अनेकदा फळ्यावर सोडवलं आहे. त्यातली दहा माणसं कोण, हा प्रश्न मला कुठल्याही मुलानं विचारला नव्हता आणि मलाही पडला नव्हता. आता उत्तर समोर होतं. मोटार बसायच्या आधी ती माणसं आजी होती, तिची जाऊ होती, नणंदा होत्या. मोटार बंद पडली आणि ती जागा आईनं घेतली, मी घेतली, माझ्या बारा वर्षांच्या मुलीनंही घेतली.

पुरुष रिकामे बसले होते असं नाही. रस्त्यावरचे माड तोडणं, माळ्यावर ताडपत्री ओढणं, पत्र्यांसाठी रांगा लावणं, पंचनाम्यासाठी थांबणं, ही कामं त्यांची होती. पण त्यांचं प्रत्येक काम एकदा केलं की झालं. ताडपत्री बसली की बसली. पाणी मात्र संध्याकाळपर्यंत संपतं आणि सकाळी पुन्हा विहिरीतच असतं. सोयी बंद पडल्यावर घरातली कामं अशी दोन ढिगांत निवडली गेली, आणि रोज नव्यानं उगवणारा ढीग कुणाच्या वाट्याला आला यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. वादळाच्या तिसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती. देवळामागचा वड उन्मळून पडला होता. बायकांनी उपास धरून आधी पाणी भरलं, मग आडव्या खोडाला सूत गुंडाळलं, आणि परत येऊन रात्रीचं पाणी भरलं.

कधीतरी रस्ता मोकळा झाला. माणगावकडे जाणाऱ्यांच्या खिशात गावभरचे नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या असत: अमक्याला कळवा, सगळे बरे आहेत. एक टेम्पोवाला जनरेटर घेऊन फिरू लागला. तासाच्या भाड्यानं टाक्या भरून द्यायचा, फोन चार्ज करून द्यायचा. ज्यांना परवडे त्यांच्याकडे तो रोज थांबे. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा मुंबईची मैत्रीण हळहळली आणि मग म्हणाली, "पण एका अर्थी छान ना गं? टीव्ही नाही, मोबाईल नाही, सगळे संध्याकाळी एकत्र." आजीला मी हे ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. "एकत्र कुठले? पुरुष ओटीवर नि बायका विहिरीवर. तेव्हाही असंच होतं," ती म्हणाली. "तिला सांग, मला माझी मोटार आणून दे, मग बसते एकत्र."

जुन्या वस्तू ज्या हातांनी पुन्हा चालवल्या, त्याच हातांना जुन्या दिवसांची ओढ नव्हती, ही गोष्ट मला त्या पावसाळ्यात फार विचार करायला लावून गेली. साबणानं भोक बुजवण्याची युक्ती आजीला येत होती, पण त्या युक्तीचं तिला कौतुक नव्हतं. अडचणीत शिकलेली गोष्ट अडचणीत उपयोगी पडली, एवढंच. कौतुक आम्हाला होतं, कारण आम्ही ती शिकताना तिथे नव्हतो.

मोसमी पाऊस धरला आणि चिखलात खांब उभे करायचं काम सुरू झालं. घाटावरच्या जिल्ह्यांतून वीज कर्मचाऱ्यांच्या तुकड्या आल्या होत्या. क्रेन आमच्या पाखाडीत शिरेना, तेव्हा गावातल्या माणसांनी दोराला धरून खांब ओढत नेले. जेवायला वेगवेगळ्या घरांत पाळी लावली होती. आमच्याकडे आलेल्या एका तरुण वायरमननं भिजलेली टोपी पिळत विचारलं, "काका, इकडं पाऊस थांबतो कधी?" अण्णा म्हणाले, "दसऱ्याला." तो हसला नाही. भाताचा दुसरा घास घेऊन पुन्हा खांबावर चढायला गेला. बटणामागे मोटार असते हे आम्हाला ठाऊक होतं; मोटारीमागे तारेला लटकून पावसात काम करणारा माणूस असतो, हे आता जेवायला वाढताना कळलं. सोय म्हणून आपण जे वापरतो, ते कुणीतरी आपल्या डोळ्यांआड आधीच करून ठेवलेलं काम असतं. ते जेवढं चोख, तेवढा करणारा दिसेनासा होतो.

याचा सगळ्यात जुना दाखला घरामागे आडवा पडला होता. आमची वाडी दहा गुंठ्यांची: माड, पोफळी, दोन जायफळं, पोफळींवर चढलेल्या मिरवेली. वाडीच्या सावलीमुळे मे महिन्यात मागची पडवी गार असे. पंखा लागत नसे. झावळ्यांचे झाप, हिरांच्या केरसुण्या, करवंट्यांचं जळण, श्रीवर्धनी रोठा सुपारीचे वर्षाकाठी हमखास येणारे पैसे, हे सगळं वाडी बिनबोभाट पुरवी. विजेच्या सोयी आम्हाला मोजता येत होत्या, त्यांचं बिल येई. वाडीचं बिल कुणी पाठवत नव्हतं, कारण ते अण्णांच्या आजोबांनी भरून ठेवलं होतं.

पोफळ लावणं हे धीराचं काम आहे. कोवळं रोप ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायच्या, त्यांची सावली झाली की मग वर्ष-दीड वर्षाची रोपं जमिनीत घालायची. पाच-सात वर्षांनी फळ धरतं, आणि नंतर ते झाड एका माणसाचं आयुष्य पुरून उरतं. सरकारनं फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. आमच्या दहा गुंठ्यांचे त्यात ५,००० झाले. आडवी झाडं तोडून बाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त. इथल्या वाड्या गुंठ्यांतल्या आणि त्यात झाडं दाट, तेव्हा हेक्टरचं माप इथे चालणार नाही, झाडं मोजा, असं लोक सांगत राहिले. पुढे झाडामागे दर ठरला, सुपारीला ५० आणि नारळाला २५०. अण्णांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "पन्नास रुपयांत रोप येतं. सावली येत नाही."

आषाढी उलटून गेल्यावर एका दुपारी माजघरातला दिवा लागला. सगळे आधी मोटारीकडे धावले. टाकी भरून ओसंडायला लागली तरी कुणाला बटण बंद करवेना, शेवटी आजीच ओरडली. दोन दिवसांत पाटा पुन्हा पायरी झाला. आईनं फ्रिजमधून काड्यापेट्या बाहेर काढल्या, सातबारा मात्र अजून तिथेच असतो. वाडीत तेव्हा केळी लावल्या, त्यांच्या सावलीत पोफळी. २०२१ च्या मे महिन्यात तौते वादळ समुद्रातून वर सरकलं तेव्हा त्या बेतानंच वाचल्या.

बंबात आम्ही कागदाची फुलं पुन्हा ठेवली, पण रहाटाच्या बाबतीत आजी ऐकेना. दोर वापरात नसला की कुजतो, हे तिचं म्हणणं, आणि हाताचंही तसंच. तिनं नियम घातला: दर अमावस्येला मोटार सुरू करायची नाही, घरचं पाणी हातानं काढायचं, आणि ते बायकांनी नाही, घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी. पहिल्या खेपेला अण्णांनी कंबरदुखीचं कारण सांगून पाहिलं. आजीनं पोहरा त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, "सात-आठ खेपांनी बरी होते." आता ते कारणं सांगत नाहीत. पाहुणे कौतुकानं फोटो काढतात आणि विचारतात, तुमच्या घराण्यात ही प्रथा किती जुनी? आई त्यांना खरं ते सांगते: २०२० सालची.