इशाऱ्याच्या दोन रेषा

शिरगावच्या समुद्रकाठी वैशाखाचा उकाडा कसा असतो, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. त्या दिवसांत संगणकासही ताप चढतो. त्याच्या अंगी बारीकसा तापमापक असतो व नेमलेली मर्यादा ओलांडताच तो इशारा देतो. ही मर्यादा एकच ठेविली तर काय होते, ते आम्ही पाहिले आहे. मर्यादा ८० अंशांची; ताप ७९ व ८१ यांमध्ये हेलकावे खाई, आणि घंटा घडोघडी वाजे व थांबे. अखेर एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ही घंटाच बंद करू या का?" त्यास दोष कसा द्यावा? रोज 'लांडगा आला' म्हणणाऱ्याकडे गाव लक्ष देत नाही. परंतु खरा लांडगा आला म्हणजे जागे कोण करणार?

यास्तव दोन रेषा योजिल्या जातात. एलएम७५ या प्रसिद्ध तापमापकात मुळातच त्या ८० व ७५ अंशांवर असतात. ८० ओलांडताच सुरू झालेला इशारा ताप ७५ च्या खाली उतरल्यावाचून थांबत नाही. या अंतरास 'हिस्टेरेसिस' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मागे राहणे.

वरची रेषा भर उन्हाळ्यातील नित्याच्या तापाहून वर, परंतु उत्पादकाने सांगितलेल्या कमाल मर्यादेच्या आत असावी. अंतर नित्याच्या हेलकाव्याहून मोठे असावे. मात्र खालची रेषा नित्याच्या तापाहूनही खाली नेल्यास घंटा थांबणारच नाही.

ताप किंचित उतरताच लेकरास अंथरूण सोडू न देणारी आई हे शास्त्र पूर्वीपासून जाणते.