संदर्भासहित स्पष्टीकरण

एम. ए. होऊन महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो, त्याला आता वीस वर्षे होत आली. या काळात अभ्यासक्रम बदलले, सत्रपद्धती आली, पण 'संदर्भासहित स्पष्टीकरण करा' हा प्रश्न काही जागचा हलला नाही. कवितेच्या दोन ओळी द्यायच्या आणि त्या कोणाच्या, कोणत्या प्रसंगी, कशासाठी, हे विद्यार्थ्याने सांगायचे. खरे तर माझा सारा व्यवसायच या प्रश्नावर उभा आहे. कवी बोलून गप्प होतो आणि मग आम्ही बोलतो, अशी ही जुनी श्रमविभागणी.

तिला धक्का दिला तो द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने. अंतर्गत मूल्यमापनासाठी आवडत्या कवीवर निबंध लिहायचा होता आणि त्याने निवडला अमेरिकन रॅपर जे-झी. मी नाक मुरडले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, हा माणूस स्वतःच्या गाण्यांचं संदर्भासहित स्पष्टीकरण स्वतःच देतो. आणि तेही विकतो."

हे वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या गृहस्थांच्या मुलाखती पाहायला बसलो. गाणी नंतर ऐकली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

जे-झी म्हणजे शॉन कार्टर. जन्म १९६९. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत तो वाढला. वडील लहानपणीच घर सोडून गेले. तरुणपणी त्याने अमली पदार्थ विकले, आणि हे तो लपवत नाही. ध्वनिमुद्रिका काढायला कोणी तयार होईना, तेव्हा दोन साथीदारांसह स्वतःचीच कंपनी काढून १९९६ मध्ये त्याने पहिला अल्बम आणला. पुढे २०१९ मध्ये 'फोर्ब्स'ने त्याला हिप-हॉपमधला पहिला अब्जाधीश म्हटले.

व्यापारी कवी आपल्याला अपरिचित नाही. तुकोबा वाणीच होते. पण तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे आपण ऐकत आलो. हा कवी मात्र एकही कागद बुडवत नाही.

नवा अल्बम येताना तो माध्यमांपुढे कसा येतो, हे ओळीने पाहिले की एक क्रम दिसू लागतो. २००३ मध्ये 'द ब्लॅक अल्बम' आला तेव्हा त्याने निवृत्तीच जाहीर केली होती. नोव्हेंबरमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला, पुढच्या वर्षी त्या निरोपाचा चित्रपट निघाला, आणि २००६ मध्ये स्वारी नव्या अल्बमसह परतली. निरोप हीच जाहिरात होती.

२०१० मध्ये 'डीकोडेड' हे त्याचे पुस्तक आले. त्यात निवडक गाण्यांचे शब्द आणि त्यांवर त्याच्याच तळटीपा आहेत. प्रकाशनाआधी पुस्तकाची पाने मजकुराशी नाते असलेल्या जागी लावण्यात आली. एक जलतरण तलावाच्या तळाशी, एक जॅकेटच्या अस्तरावर. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारवंत कॉर्नेल वेस्ट यांच्याबरोबर तो व्यासपीठावर बसला आणि रॅप ही कविता आहे, ती कवितेसारखी वाचावी, हे आपले म्हणणे मांडू लागला. इथे मी थोडा अस्वस्थ झालो. म्हणणे बरोबरच होते. ते आमच्यापैकी कोणी आधी का मांडले नाही, ही खंत अधिक होती.

२०१३ मध्ये 'मॅग्ना कार्टा होली ग्रेल'च्या वेळी जाहिरात आणि मुलाखत यांतली भिंतच पडली. बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेतील एका सामन्यादरम्यान सॅमसंगची तीन मिनिटांची जाहिरात झळकली. तीत तो स्टुडिओत साथीदारांशी आपल्या गाण्यांविषयी बोलताना दिसतो. सॅमसंगने १० लाख प्रती आधीच विकत घेऊन आपल्या फोनधारकांना मोफत दिल्या. विक्रीच्या यादीत त्या प्रती धरायला 'बिलबोर्ड'ने नकार दिला. हे सारे पाहताना मी निर्धास्त होतो. बाजार आहे, त्याला बाजार म्हणून मोकळे होता येत होते.

पण मग २०१७ चा '४:४४' आला आणि माझे मोकळे होणे संपले.

त्यातले शीर्षकगीत म्हणजे पत्नीची, गायिका बियॉन्सेची, जाहीर क्षमायाचना. पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी जाग आली आणि ते लिहिले, असे तो सांगतो. अल्बम आला त्याच्याच मालकीच्या टायडल या सेवेवर, एका दूरध्वनी कंपनीच्या सहकार्याने, आणि आठवड्याच्या आत प्लॅटिनम ठरला. मागोमाग छोट्या चित्रफिती आल्या. त्यांचे नाव 'फुटनोट्स', म्हणजे पुन्हा तळटीपाच! तीत त्याच्यासह इतर प्रसिद्ध पुरुष नातेसंबंधांतील आपल्या भित्रेपणाविषयी बोलतात. नोव्हेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे संपादक डीन बॅके यांनी घेतलेली त्याची दीर्घ मुलाखत आली. जिथे तो वाढला तिथे जगायचे तर भावना बंद ठेवाव्या लागत, आणि एकदा बंद केलेले दार बायकोसाठीही उघडत नाही, अशा आशयाचे तो बोलतो. आपण दिलेले दुःख समोरच्याच्या चेहऱ्यावर पाहणे सर्वांत कठीण, हेही सांगतो.

हे खरे की विक्रीचे? विद्यार्थ्याने मला हाच प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायला मी बिचकलो, त्याचे कारण माझ्याजवळ होते.

माझाही एक कवितासंग्रह आहे. त्यात ताईवर एक कविता आहे. घरात दोघांच्या शिक्षणाला पुरेल एवढे नव्हते. ताई दहावीनंतर थांबली आणि मी शिकलो. कवितेत हे कुठेही सरळ लिहिलेले नाही. पण प्रकाशन समारंभात कोणीतरी त्या कवितेची पार्श्वभूमी विचारली आणि मी ती सांगितली. चांगली सांगितली. आवाज योग्य ठिकाणी कापरा झाला. "मी तिचा अपराधी आहे" असेही म्हणालो. सभागृहात टाळ्या झाल्या, त्या दिवशी पुस्तकेही बरी खपली. ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. परतताना एसटीत बराच वेळ खिडकीबाहेर पाहून ती एवढेच म्हणाली, "एवढ्या लोकांना सांगितलंस. मला एकदा नुसतं म्हणायचंस."

मी खोटे बोललो होतो का? नाही. कापरा झालेला आवाजही खरा होता. तेव्हा 'खरे की विक्रीचे' हा प्रश्नच अपुरा आहे, असे मला आता वाटते. एकच वाक्य दोन्ही असू शकते. विचारायचे ते असे: ज्याची क्षमा मागितली, त्याच्या हातात माइक होता का?

बियॉन्सेच्या हातात होता. २०१६ मध्येच 'लेमोनेड'मधून ती फसवणुकीविषयी आणि संतापाविषयी गाऊन मोकळी झाली होती. नवरा बोलला तो एका वर्षाने. त्याची क्षमायाचना हे उत्तर होते, पहिला शब्द तिचा होता. '४:४४'मध्ये 'स्माइल' नावाचे गाणे आहे. त्याची आई ग्लोरिया कार्टर हिचे स्त्रीवर प्रेम आहे, ही आयुष्यभर झाकलेली गोष्ट त्यात उघड होते. मात्र गाण्याच्या शेवटी ती स्वतः आपल्या आवाजात बोलते. पुढे २०१८ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात त्याने सांगितले की, आपण कोणावर तरी प्रेम करतो असे आईने सांगितले तेव्हा त्याला रडू आले, ती मोकळी झाली या आनंदाने. एवढा हिशेबी माणूस, पण आईच्या गोष्टीवर त्याने तळटीप लिहिली नाही; माइक तिच्याकडे सरकवला. हे मला माझ्या समारंभात सुचले नव्हते. ताई तिसऱ्या रांगेत होती. व्यासपीठ चार पावलांवर होते.

विद्यार्थ्याला मी चांगले गुण दिले. ताईकडे मात्र जेव्हा जेव्हा जातो, तेव्हा ते एक वाक्य म्हणायचे ठरवूनच जातो. पण तोंड उघडले की आधी पार्श्वभूमी येते, त्या काळची परिस्थिती येते, वडिलांचा स्वभाव येतो. वीस वर्षांची सवय; स्पष्टीकरणाशिवाय मला ओळ लिहिता येत नाही. ताई ऐकून घेते आणि हळूच विषय बदलते.