बेगमचा हक्क

उमऱ्याला जायचं ठरलं की घरोघरी याद्या होतात. पासपोर्ट, व्हिसा, लस, एहराम, चपला ठेवायची पिशवी, गुडघेदुखीचा मलम. आमच्या घरच्या यादीत सगळ्यात वर बेगमचं नाव होतं. बेगम म्हणजे आमची मांजर. आमची म्हणायचं ते सवयीनं, खरी ती एकट्या अम्मीची. बाकी जगाशी तिचं पटत नाही. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा आहेत, माझ्या बायकोच्या पोटरीवर आहेत, आणि गॅस सिलिंडर आणून देणारा मुलगा आजही दारातूनच विचारतो, "आत कोंडलंय ना तिला?"

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीनं एकच इच्छा बोलून दाखवली होती, उमऱ्याची. मामू-मामी जाणार होते, त्यांच्याबरोबर आम्हीही जायचं ठरवलं. पंधरा दिवस. पैसे जमले, तारखा जमल्या, आणि अम्मीनं विचारलं, "उसको कोन देखेंगा?" याचं उत्तर मिळेपर्यंत तिनं बॅग काढायला नकार दिला. नातेवाईक हसले. एका मांजरापायी कुणी अल्लाहच्या घरचं बोलावणं अडवून धरतं का?

मी मात्र हसू शकलो नाही. मांजरांवर प्रेम करणारी उम्मत म्हणून आपण मिरवतो. हजरत अबू हुरैरा यांना मांजरीच्या पिल्लावरून ते नाव पडलं, हे मुलांना कौतुकानं सांगतो. हजरत अबू कतादा यांच्या वुजूच्या पाण्याकडे मांजर आलं तेव्हा त्यांनी भांडं तिच्याकडे कलतं केलं, हेही सांगतो. त्यांच्या सुनेला आश्चर्य वाटलं, तेव्हा त्यांनी प्रेषितांचा (स.) हवाला दिला की मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे. त्या हदीसमधला 'तव्वाफीन' हा शब्द आणि काबाभोवतीचा 'तवाफ' एकाच धातूतून आले आहेत. पण या गोष्टी सांगताना आपल्या डोळ्यांपुढचं मांजर गोड असतं. मांडीवर बसणारं, घुरघुरणारं.

आणखी एक हदीस आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली. तिला खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन स्वतःचं पोट भरायलाही सोडलं नाही. मांजर मेली आणि ती बाई शिक्षेला पात्र ठरली. ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आलोय. ती मांजर स्वभावानं कशी होती, हे त्यात कुठेच येत नाही. चावरी होती की गरीब, याचा हिशोबच नाही. कोंडलेल्या जिवाला अन्न-पाण्याचा हक्क होता आणि तो बुडवला गेला, एवढंच आहे. अम्मी हेच म्हणत होती, फक्त तिच्या पद्धतीनं.

बेगम आली ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माणसांसारखीच मांजरंही मिळेल त्या उंचीवर चढली होती. पाणी ओसरल्यावर आमच्या जिन्याखाली ती सापडली, भिजलेली, अंदाजे तीन महिन्यांची. जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की पिल्लाला माणसाच्या हाताची ओळख होते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तो काळ माणसाशिवाय गेला तर पुढे हात म्हणजे संकट, असंच ते धरून चालतं. अम्मीनं वर्षभर रोज एकाच जागी बसून तिला खाऊ घातलं, म्हणून तेवढा एक हात तिनं मान्य केला. तिचं ऑपरेशन झालंय, रेबीजची लस दरवर्षी होते, दात-सांधे तपासून झालेत. कारण दुखण्यामुळेही मांजर चिडकं होतं, आणि ते आधी पाहायचं असतं. बेगमला दुखणं नाही. तिला भीती आहे.

तिची भीतीही अगदी शिस्तीत येते. कान मागे चिकटतात, शेपटी जमिनीवर आपटू लागते, बुबुळं मोठी होतात, मग घशातून गुरगुर. एवढ्यावर माणूस मागे सरला तर काही होत नाही. नाही सरला तर पंजा, आणि कोपऱ्यात अडकली तर दात. सहा वर्षांत तिनं सांगितल्याशिवाय कुणाला ओरबाडलेलं नाही. फक्त तिचं सांगणं वाचता यायला लागतं.

आता तिला ठेवायचं कुठं आणि कुणाकडे? थोरले भाईजान म्हणाले, "पोत्यात घालून मासळी बाजारात सोडू, तिथं काय उपाशी मरतेय?" अम्मी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. पाळलेलं जनावर भुकेनं हाल होतील अशा जागी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे मी भाईजानना सांगितलं. त्यांना कायद्यापेक्षा अम्मीच्या अबोल्याचा धाक जास्त वाटला.

मग मी एका बोर्डिंगमध्ये चौकशी केली. तिथं कुत्र्यांच्या भुंकण्यात, हातभर पिंजऱ्यात तिला ठेवणार होते. "चावते" म्हटल्यावर मालक म्हणाले, "काही नाही, गुंगीचं देऊन ठेवू." पंधरा दिवस गुंगी! डॉक्टरांनी तर ऐकूनच मान हलवली. त्यांचं म्हणणं, मांजराचा जीव माणसापेक्षा जागेत जास्त गुंतलेला असतो. ओळखीच्या वासाचं घर राहू द्या, माणूस बदला.

माणूस म्हणून पहिली पुढे आली माझी भाची. तिला मांजरांचं भयंकर वेड. "मामू, मी आठ दिवसांत तिला मांडीवर घेऊन दाखवते," असं तिनं जाहीर केलं. मला हायसं वाटलं, पण डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली. अशा मांजराजवळ नको असलेलं माणूस म्हणजे तिला जिंकायला निघालेलं माणूस. ते जवळ जातं, हात पुढे करतं, डोळ्यांत डोळे घालून लाडानं बोलतं. बेगमच्या भाषेत या तिन्ही गोष्टी हल्ल्याच्या आहेत.

शेवटी अम्मीच समोरच्या बाईंकडे गेली. बाई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. कडक, वेळेच्या पक्क्या, घरात कांदा-लसूणही मोजून. मांजर त्यांना अजिबात आवडत नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मी लाड करणार नाही. खायला घालीन, पाणी बदलीन, घाण काढीन. जीव उपाशी राहता कामा नये, तेवढं मी बघते."

मला वाटलं, हे काही जमायचं नाही. डॉक्टर मात्र म्हणाले, "हीच बाई."

हो म्हणायच्या आधी अम्मीनं त्यांना सगळं दाखवलं. अब्बांचं कापडाचं दुकान होतं, आणि ते ताग्यावर डाग असेल तर तीच बाजू गिऱ्हाइकापुढे आधी उलगडायचे. अम्मीनं तेच केलं. माझ्या मनगटावरचे व्रण दाखवले, लसीचं कार्ड दाखवलं, बेगम गुरगुरते कशी ते जाळीआडून ऐकवलं. "थोडी रागीट आहे हो" असं म्हणून किल्ली हातात ठेवणारे लोक मी पाहिलेत. पण अमानत जशी मांजराची असते तशीच ती सांभाळणाऱ्याचीही असते. सगळं कळल्यावर नाही म्हणायचा हक्क त्याला द्यायलाच हवा.

मग तीन आठवडे तालीम चालली. आमच्या घराला मधली खोली आणि तिच्यामागे जाळी लावलेली पडवी आहे. दोन्हींत एक दार. त्या दाराच्या कडीला मी लांब दोरी बांधली. बाईंनी पुढच्या खोलीत उभं राहून घंटी वाजवायची, जाळीच्या फटीतून लांब दांड्याच्या पळीनं पडवीतल्या ताटलीत खाणं टाकायचं. बेगम पडवीत गेली की दोरी ओढून दार लावायचं. मग मधल्या खोलीत निवांतपणे वाळूचा ट्रे साफ करायचा, पाणी बदलायचं, बाहेर येऊन दोरी सैल सोडायची. माणूस आणि मांजर एका खोलीत येण्याचा प्रसंगच नाही. पहिल्या दिवशी बेगम घंटीला घाबरून कपाटावर चढली. पाचव्या दिवशी घंटीच्या आधीच पडवीत हजर.

खाण्याचाही प्रश्न होता. अम्मी तिला उकडलेलं चिकन आणि माशाची डोकी घालायची. ते बाईंना करायला लावणं बरं दिसलं नसतं. म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू प्रमाण बदलत तिला कोरड्या दाण्यांवर आणलं. अडचण आलीच तर असावीत म्हणून माशाच्या ओल्या खाण्याची चार पाकिटं फडताळात ठेवली, पण ती फोडायला या असं बाईंना कुणी सांगितलं नाही.

आणि एक कागद लिहून भिंतीला चिकटवला. झाडू उगारायचा नाही, तिला झाडूची दहशत आहे. टक लावून बघायचं नाही. ती बाहेर निसटली तर पकडायला धावायचं नाही, दार उघडं ठेवून खाणं ठेवायचं. चावली किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून जखम लहान दिसली तरी आत चिघळते. खर्च सगळा आमचा. सलग एक दिवस काहीच खाल्लं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना फोन, कारण दोन-तीन दिवसांच्या उपवासानं मांजराचं यकृत बिघडून जिवावर बेतू शकतं. बाईंनी कागद वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनानं सुधारल्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आल्या. पाच हजारांचं पाकीट ठेवलं ते त्यांनी हिशोबाच्या अटीवर घेतलं. स्वतःसाठी काही घ्यायला तयार झाल्या नाहीत.

बाईंचा निरोप रोज सकाळी सात वाजता यायचा. मक्केत तेव्हा साडेचार झालेले असायचे, अम्मी तहज्जुदला उठलेली असायची. निरोप तीन शब्दांचा: "खाल्लं. पाणी. ट्रे." तो वाचला की अम्मी हरमकडे निघायची. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "ताटली तशीच आहे." संध्याकाळीही तेच. अम्मी रात्रभर जागी होती. मला म्हणाली, "मैं यहाँ माफी माँगने आयी, और वहाँ वो भूकी है." माझ्याकडे उत्तर नव्हतं. हजारो मैलांवरून आम्ही करणार तरी काय होतो?

चौथ्या दिवशी सकाळी निरोप आला आणि तो जरा लांब होता. बाईंनी आदल्या रात्री डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, वासाचं काहीतरी कोमट करून द्या. बाईंनी फडताळातलं पाकीट फोडलं, वाटीत घातलं, गरम पाण्यात वाटी धरली. पुढे लिहिलं होतं: "वास मला सहन झाला नाही. तिनं सगळं खाल्लं. हात तीनदा धुतले." अम्मीनं तो निरोप माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्या दिवशी तवाफमध्ये तिनं कुणाकुणासाठी दुआ मागितली, ते मी विचारलं नाही. बाईंचं नाव मात्र मला ऐकू आलं.

आम्ही परतलो तेव्हा बेगम धडधाकट होती. अम्मीकडे तिनं दिवसभर पाठ फिरवली, दुसऱ्या पहाटे पायाशी येऊन झोपली. बाईंनी पाकीट परत दिलं, सोबत रुपया-रुपयाचा हिशोब. खजूर आणि आबे-जमजम त्यांनी आनंदानं घेतलं.

बेगम बाईंवर अजूनही गुरगुरते. पंधरा दिवस ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांची तिला काडीची कदर नाही. आणि बाईंनाही ती आजपर्यंत आवडलेली नाही. भाचीला याचं फार वाईट वाटतं. तिला वाटतं, गोष्टीचा शेवट दोघींच्या मैत्रीनं व्हायला हवा होता.

मला तसं वाटत नाही. प्रेम असेल तर सांभाळणं सोपं होतं, एवढंच. ज्याच्यावर प्रेम नाही, जे आपल्यावर फिस्कारतं, त्याची ताटली वेळेवर भरणं ही गोष्ट वेगळी. घरात चिडचिडे म्हातारे असतात, भ्रमिष्ट झालेले आजारी असतात, त्यांनाही हे लागू पडतं. त्यांच्यासाठी माणूस शोधताना आपण विचारतो, "जीव लावेल ना?" त्याआधी विचारायला हवं, वेळेवर येईल का, खरं सांगेल का, आणि आपण त्याला खरं सांगितलंय का.

परवा बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तारीख महिनाभर आधी सांगा. आणि ती माशाची पाकिटं चार पुरत नाहीत, सहा आणा."